हलगी, बँड आणि कानातलं गाणं

जिममध्ये एवढ्या मोठ्यांदा गाणी कशाला लावतात, असा प्रश्न माझ्या वयाच्या बहुतेकांना पडतो. 'हल्लीचं फॅड' असं म्हणून आपण मोकळे होतो. पण मंडळी, कष्टाला सुराची जोड देणं ही गोष्ट हल्लीची मुळीच नाही. उलट मुकाट्याने घाम गाळणं हेच आपल्याकडे नवीन!

माझ्या लहानपणी गावात पहाटे जाती फिरायची. आई आणि काकू समोरासमोर बसून एकच खुंटा धरत. आई ओवी सुरू करी, काकू ती उचलून धरी. हात थकला की ओवीही आपसूक संथ होई, नवी मूठ जात्यात पडली की पुन्हा पुढे सरके. लय ठरायची ती दगडाच्या वजनावर आणि बाईच्या दमावर. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी हिंडून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, म्हणून त्या राहिल्या. नाहीतर पिठाच्या गिरणीबरोबर त्याही गेल्याच होत्या.

पुरुषांचं म्हणाल तर हलगी. कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलं. 1902 च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं होतं, त्यावरून ही कल्पना सुचली म्हणतात. मैदान 1912 साली खुलं झालं. कॉलेजात असताना मी तिथे कुस्त्या पाहिल्या आहेत, आणि खरं सांगतो, माझं निम्मं लक्ष हलगीवाल्याकडेच असायचं. पैलवान एकमेकांना नुसते अजमावत असले की त्याचा हात सैल पडे. पकड बसली रे बसली की हलगी कडाडायला लागे. त्याचं नाव कुठल्या जाहिरातीत नसे, पण मैदानातला सगळ्यात सावध प्रेक्षक तोच. वेग तो वाढवी, पण पैलवानाकडे बघून.

शाळेत लेझीमही मी घेतलं आहे. (शिक्षक इतिहासाचा, पण मराठी शाळेत सगळ्यांना सगळं यावं लागतं.) ढोलवाल्या पोराला माझी एकच ताकीद असे, मागच्या रांगेतल्या किडकिड्या मुलांकडे बघत वाजव.

मग हे बघणं सुटलं कुठे? न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सहा-सहा दिवसांच्या सायकल शर्यती होत. तिथे बँड असे. लेनर्ड आयर्स नावाच्या गृहस्थांनी सायकलस्वारांचा वेग मोजला आणि 1911 साली तो छापला. बँड वाजत असताना सरासरी ताशी 19.6 मैल, बंद असताना 17.9. बँड वाजताना टाळ्या पिटणारे प्रेक्षकही जास्त असतील, अशी माझी आपली मास्तरी शंका. तरी संगीताचा परिणाम आकड्यांत पकडण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न, हे खरं.

परिणाम मोजता आला की तो वापरायचा मोह होतोच. दुसऱ्या महायुद्धात, जून 1940 मध्ये, बीबीसीने कारखान्यांतल्या कामगारांसाठी 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रम सुरू केला. तो 1967 पर्यंत चालला. त्यातली गंमत ऐका. 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस' या गाण्यात टाळ्या आहेत. कामगार हातातलं काम टाकून टाळ्या वाजवत बसतील म्हणून कामाच्या वेळेत ते गाणं लावायला बंदी होती! जात्यावरच्या बाईला ओवी कुणी वरून ठरवून दिली नव्हती. इथे श्रम कामगाराचे आणि गाणं मालकाच्या सोयीचं.

1979 च्या जुलैत सोनीचा वॉकमन आला आणि निवड पुन्हा माणसाच्या हाती आली. पण एकट्याच्या. 2007 साली अमेरिकेच्या अॅथलेटिक्स संघटनेने शर्यतीत कानात यंत्र घालून धावायला बंदी केली. मागून दिलेली हाक ऐकू येत नाही हे एक कारण, आणि संगीताचा गैरवाजवी फायदा होतो हे दुसरं. पुढे ती बंदी ढिली होऊन बक्षिसासाठी धावणाऱ्यांपुरतीच उरली.

हा फायदा नेमका काय, याचा अभ्यास लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात कोस्टास कॅराजॉर्जिस यांनी वर्षानुवर्षे केला. बेताच्या व्यायामात आवडीचं गाणं असेल तर दमल्याची जाणीव कमी होते. अगदी जोराच्या व्यायामात मात्र शरीराची ओरड गाण्याच्या वर जाते. तरुणांना ही चैनच. माझी गोष्ट निराळी. दोन वर्षांपूर्वी मला स्टेंट बसला, आणि डॉक्टरांनी बजावलं आहे की, चालताना दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत, इतपतच दम लागू द्या. म्हणजे दमल्याची जाणीव हाच माझा पहारेकरी. त्यालाच गाण्याने गुंगवून कसं चालेल? कानातल्या गाण्याला मी दिसत नाही. माझा चेहरा पांढराफटक पडला तरी ते त्याच ठेक्यात वाजत राहणार.

म्हणून मी गाणं निवडतो ते घड्याळ लावून. पंधरा सेकंदांत पायाचे ठेके मोजायचे आणि चारने गुणायचं. मिनिटाला 100 च्या आसपास पावलं म्हणजे मध्यम चाल, असा एक ढोबळ हिशेब आहे. त्यात बसतील अशी जुनी सात गाणी नातवाने फोनवर घालून दिली आहेत. नावं सांगत नाही, हसाल. शेवटची दोन मुद्दाम संथ आहेत, पट्ट्यावरून उतरायच्या आधी चाल मंदावावी म्हणून. आणि यंत्र एकाच कानात. दुसरा कान तिथल्या शिकवणाऱ्या मुलासाठी मोकळा. तो अधूनमधून येतो, माझ्याकडे बघतो आणि "काका, बोला काहीतरी" म्हणतो. परवा मी त्यालाच विचारलं, तुमच्या शाळेत लेझीम होतं का रे?

"होतं की," म्हणाला. "26 जानेवारीपुरतं. ढोल मीच वाजवायचो."