काठ, पदर आणि बुट्टी

मागच्या दिवाळीत आपल्या गटाच्या गोधड्या शहरातल्या प्रदर्शनात ठेवल्या होत्या. एका बाईंनी विचारलं, "यात डिझाइन काय आहे?" आमची एक मावशी म्हणाली, "डिझाइन कसली ताई, जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडलेत." बाईंनी लगेच भाव निम्म्यावर आणला. मला मावशीचा राग आला नाही. आपल्याजवळ शब्द होते, ते वेळेवर आठवले नाहीत, एवढंच.

आपल्या अंबड-घनसावंगीला येणारी गोदावरी आधी पैठणवरून येते. पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. तिथली पैठणी आपल्यापैकी किती जणींकडे आहे ते विचारू नका, पण तिचे शब्द सगळ्यांना येतात. चित्रकलेच्या वर्गात ज्याला बॉर्डर म्हणतात तो आपला काठ. मोटिफ म्हणजे बुट्टी. एकच बुट्टी ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येते, ते रिपीट. नारळी काठावर त्रिकोण ओळीनं उभे असतात. बांगडी-मोरात गोल बांगडीच्या आत मोर बसतो, म्हणजे गोल ही चौकट झाली. ही नावं कुण्या पुस्तकातून आलेली नाहीत, नारळ, बांगडी, मोर ही रोजच्या बघण्यातली.

रंगाचंही तसंच. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला की कापड हलवताना रंग बदलतो. त्याला आपण धूपछाव म्हणतो. आणि पदरावरची नक्षी? प्रत्येक रंगाची कांडी वेगळी, धागे मोजून हातानं गुंतवायचे. म्हणून खरी पैठणी उलटीकडूनही तशीच दिसते. एका साडीला महिनोन्महिने का लागतात ते यावरून कळतं. 2010 मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे नावालाही कायद्याचं संरक्षण आलं.

त्याहून जुनं पाहायचं तर अजिंठा. पहिल्या क्रमांकाच्या लेण्याचं छत पाचव्या शतकातलं. सहलीला गेलो तेव्हा सगळ्या पद्मपाणीसमोर उभ्या होत्या, मी मान वर करून छत बघत बसले. छताचे चौकोन पाडलेत, कुठं फुलं, कुठं फळं, कुठं प्राणी, आणि सगळं मिळून तोल बरोबर. मला तर गोधडीच आठवली! कडेनं पट्टी, आत चौकोन, गडद तुकड्याशेजारी फिकट तुकडा. त्या फिकट-गडदाला शिकलेले लोक कॉन्ट्रास्ट म्हणतात. आपल्या आज्या नुसतं म्हणायच्या, "लाल लालाजवळ नको लावू, उठून दिसत नाही." आणि धावदोऱ्याचे टाके? त्या रेषाच की.

आता येत्या प्रदर्शनासाठी प्रत्येक गोधडीला चिठ्ठी लावायचं ठरलंय. काठ कसला, मधली बुट्टी कोणती, रंग कुठले, शिवायला किती दिवस लागले, सगळं मराठीत. कोणत्या गोधडीला काय नाव द्यायचं यावरच मागच्या बैठकीत तासभर वाद झाला. बचतीचा हिशोब राहूनच गेला, आणि सगळ्यात जास्त आवाज त्याच मावशीचा होता.