वर्गातला वर्णद्वेष आणि शिक्षकांची तयारी

१७ सप्टेंबर १९८६ रोजी ब्रिटनमधील मँचेस्टर शहरात बर्नेज हायस्कूलच्या मैदानावर अहमद इक्बाल उल्लाह या तेरा वर्षांच्या बांगलादेशी वंशाच्या विद्यार्थ्याचा त्याच शाळेतील एका गोऱ्या मुलाने चाकूने भोसकून खून केला. या शाळेत वर्णद्वेषविरोधी धोरण नव्हते असे नाही, ते होते. धोरण असूनही शाळा कुठे कमी पडली, या प्रश्नाने ब्रिटनमधील शिक्षक-प्रशिक्षणाच्या चर्चेला निराळे वळण दिले.

अहवालांची वाट

ही चर्चा त्याआधीच सुरू झाली होती. मूळचे ग्रेनाडाचे आणि लंडनमध्ये अध्यापन करणारे बर्नार्ड कोर्ड यांनी १९७१ मध्ये एक पुस्तिका लिहिली. वेस्ट इंडियन वंशाच्या मुलांना ‘मंदबुद्धी’ ठरवून मोठ्या प्रमाणावर विशेष शाळांत धाडले जाते आणि त्यामागे सदोष बुद्धिमापन चाचण्यांइतक्याच शिक्षकांच्या तोकड्या अपेक्षाही कारणीभूत असतात, असे त्यांनी दाखवून दिले. सरकारने नेमलेल्या रॅम्प्टन समितीने १९८१ च्या अंतरिम अहवालात शिक्षकांच्या नकळत घडणाऱ्या वर्णभेदाचाही उल्लेख केला. १९८५ च्या स्वॉन अहवालाने आणखी पुढचे पाऊल टाकले. हा प्रश्न केवळ अल्पसंख्य समाजांतील मुलांचा नसून सर्वांच्या शिक्षणाचा आहे. म्हणून जिथे एकही गौरेतर विद्यार्थी नाही अशा शाळांतील शिक्षकांनाही हे प्रशिक्षण हवे, अशी त्याची भूमिका होती.

बर्नेजचा धडा

अहमदच्या खुनानंतर मँचेस्टर महापालिकेने कायदेतज्ज्ञ इयन मॅकडोनल्ड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९८९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. शाळेतील वर्णद्वेषावर या समितीने बोट ठेवलेच. परंतु शाळेने धोरण ज्या रीतीने राबविले, त्यावरही कठोर टीका केली. गोरी मुले जणू सरसकट दोषी आणि इतर सारी सरसकट पीडित, अशी विभागणी गृहीत धरली गेली होती. गोऱ्या, विशेषतः कामगारवर्गातील विद्यार्थ्यांना आणि पालकांना या कामात सहभागीच करून घेतले गेले नाही. वर्गभेद, पुरुषी दांडगाई आणि शाळेतील एकूण हिंसक वातावरण यांकडे दुर्लक्ष झाले. काही वृत्तपत्रांनी याचा अर्थ ‘वर्णद्वेषविरोधी शिक्षण फसले’ असा लावला. समितीचे म्हणणे तसे नव्हते. काम थांबवू नका, ते उपदेशाच्या सुरात करू नका, एवढाच तिचा आग्रह होता.

प्रशिक्षणाची तीन अंगे

१९ डिसेंबर २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्क शिक्षण व प्रशिक्षणविषयक जाहीरनामा संमत केला. त्यात या शिक्षणाची तीन अंगे सांगितली आहेत. पहिले, हक्कांविषयीचे ज्ञान. दुसरे, शिकणारा आणि शिकविणारा या दोघांच्याही हक्कांचा मान राखणारी शिकविण्याची रीत. तिसरे, हक्क बजावण्याचे व इतरांचे हक्क जपण्याचे बळ. बर्नेजमध्ये जे निसटले, ते प्रामुख्याने दुसरे अंग होते.

त्यामुळे शिक्षकांचे चांगले प्रशिक्षण केवळ कायद्याची कलमे सांगून संपत नाही. आपण वर्गात कोणाला प्रश्न विचारतो, कोणावर लवकर रागावतो, कोणाकडून थोडक्यावर समाधान मानतो, याची नोंद शिक्षकाने स्वतः ठेवावयाची असते. पाठ्यपुस्तकात कोण दिसते आणि कोण गाळले जाते, हे तपासावयाचे असते. एखाद्या मुलाने दुसऱ्याच्या रंगावरून शिवी दिली, तर ती ऐकून न ऐकल्यासारखे करणे जितके चुकीचे, तितकेच नुसती शिक्षा करून विषय मिटविणेही अपुरे. दुखावलेल्या मुलाला आधी आधार, दुसऱ्याला स्पष्ट समज आणि मग संपूर्ण वर्गाशी बोलणे, हा क्रम सरावानेच अंगवळणी पडतो.

पुढे स्टीफन लॉरेन्स या तरुणाच्या १९९३ मधील खुनाची चौकशी करणाऱ्या मॅकफर्सन समितीने १९९९ मध्ये पोलिसांबरोबरच शाळांसाठीही शिफारशी केल्या. २००० च्या कायद्याने वांशिक समतेला चालना देणे हे शाळांसह सर्व सार्वजनिक संस्थांचे कर्तव्य ठरविले. आज ते २०१० च्या समता कायद्याचा भाग आहे. अहमदच्या नावाने १९९९ मध्ये मँचेस्टरमध्ये सुरू झालेले संदर्भ केंद्र वंश आणि स्थलांतर या विषयांवरील ग्रंथसंग्रह जतन करते.

कायदा शाळेला बांधील करू शकतो. परंतु मैदानावरची कुजबुज ऐकू येते ती शिक्षकालाच. आणि ती ऐकल्यावर काय करायचे, हे त्याला आधी शिकविलेले असावे लागते.