मध्यस्थीची प्रार्थना आणि तीतील सातत्य : केडगावचा दाखला

ख्रिस्ती उपासनेत स्तुती, पापांगीकार, उपकारस्मरण आणि याचना असे प्रार्थनेचे जे प्रकार मानिले जातात, त्यांत दुसऱ्यासाठी केलेल्या याचनेस स्वतंत्र स्थान आहे. मराठी ख्रिस्ती समाजात तिला 'मध्यस्थीची प्रार्थना' हे नाव रूढ आहे. अशी प्रार्थना एकदा करणे सोपे असते. ती महिनोन्‌महिने, उत्तराचे कोणतेही चिन्ह दिसत नसता चालू ठेवणे ही निराळी गोष्ट होय. ह्या सातत्याचे स्वरूप काय, आणि ते हट्टाहून व दडपणाहून वेगळे कसे राहते, हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा नाही. तो महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातही एकदा उघडपणे उपस्थित झाला होता. त्या प्रसंगाचा व त्यानंतरच्या घडामोडींचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. 'मध्यस्थ' म्हणजे मध्ये उभा असलेला. संस्कृतात ह्या शब्दास 'दोन्ही पक्षांविषयी उदासीन, तटस्थ' अशी अर्थच्छटा आहे. मध्यस्थीची प्रार्थना करणारा मात्र तटस्थ मुळीच नसतो. तो एका पक्षाचा कैवार घेऊन दुसऱ्यापुढे उभा राहतो. ह्या दृष्टीने 'रदबदली' हा मराठीत रुळलेला फारसी वळणाचा शब्द मूळ कल्पनेस अधिक जवळचा आहे. दरबारात अपराध्यासाठी किंवा निराश्रितासाठी कोणी वजनदार माणूस शब्द टाकी, ती रदबदली. नव्या करारातील ग्रीक शब्दाचाही संसार असाच आहे. 'एन्तेउक्सिस' म्हणजे मूळ भेट. पुढे राजाची भेट घेऊन सादर केलेला अर्ज. टॉलेमी राजांच्या काळातील मिसर देशात प्रजेच्या अर्जांस हेच नाव होते. म्हणजे ग्रीक शब्दात आणि मराठी रदबदलीत दरबार आहे, अर्जदार आहे आणि दार ठोठावण्याचे धाडस आहे. 'शिफारस' आणि 'वशिला' हे शब्दही ह्याच परिसरातले. परंतु त्यांना स्वार्थाचा वास लागल्यामुळे ते प्रार्थनेच्या भाषेत सामावले नाहीत.

सातत्य दर्शविणारा मराठी शब्द 'चिकाटी' हा तर 'चिकटणे' ह्या क्रियेशी उघड नाते सांगतो. जो चिकटून राहतो तो चिकाटीचा. पण चिकटून राहावयाचे कोणास? ज्याच्यासाठी मागणे मागावयाचे त्या माणसास, की ज्याच्यापाशी मागावयाचे त्या देवास? हा भेद बारीक दिसला, तरी पुढील सारा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

लूकच्या शुभवर्तमानात प्रार्थनेतील चिकाटीविषयी दोन दृष्टांत आहेत. अठराव्या अध्यायात एक विधवा अन्यायी न्यायाधीशाकडे वारंवार जाऊन दाद मागते. अखेर तो कंटाळून तिचा न्याय करितो. ही चिकाटी खरी, परंतु विधवेचे मागणे स्वतःसाठी आहे. अकराव्या अध्यायातील दृष्टांत निराळा आहे. मध्यरात्री घरी पाहुणा आला, घरात भाकरी नाही, म्हणून यजमान शेजारच्या मित्राचे दार ठोठावतो. त्याला स्वतःला भूक लागलेली नाही. भूक पाहुण्याची आहे, आणि संकोच मात्र यजमानाने सोसावयाचा आहे. मध्यस्थीच्या प्रार्थनेचे नेमके चित्र हेच होय. तीत ठोठावणे आहे, पण ते मित्राच्या दारावर. पाहुण्याला कोणी त्रास देत नाही.

मराठी भाषकांच्या इतिहासात ह्या प्रकारच्या सातत्याचा सर्वांत ठळक दाखला पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे सापडतो. मराठवाड्यातील वाचकास तो दूरचा वाटू नये. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, पूर्व अंगास असलेल्या मुकुंदवाडीवरून जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्यात वाहतुकीस खुला झाला. हा मार्ग पश्चिमेस मनमाडला मिळतो. तेथून अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ओलांडून दौंडास उतरावे आणि पुण्याकडे वळावे, की थोड्याच अंतरावर केडगाव लागते. ह्याच स्थानकाजवळच्या माळावर पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदन उभे केले. १८९६–९७ आणि १८९९–१९०० हे दोन दुष्काळ हा मराठवाड्याचा व केडगावचा सामाईक अनुभव होता, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. पिता अनंतशास्त्री डोंगरे ह्यांच्या घरी त्यांना संस्कृतचे शिक्षण मिळाले. पुढे इंग्लंडातील वाँटेज येथे १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदासदन काढले व पुढील वर्षी ते पुण्यास आणिले. उच्चवर्णीय विधवांना आश्रय व शिक्षण देणारी ही संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे अभिवचन होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनी त्याच विश्वासाने संस्थेच्या सल्लागार मंडळात काम केले.

वाद उपस्थित झाला तो प्रार्थनेवरूनच. रमाबाई आपल्या खोलीत, आपल्या कन्येसह, रोज प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, त्यांनी कोणास बोलाविले नाही व कोणास घालविलेही नाही. आपल्या खोलीत आपल्या श्रद्धेप्रमाणे वागण्याचा हक्क त्यांनी सोडून दिलेला नव्हता. मंडळाचे म्हणणे असे की, जी स्त्री निराश्रितेची अन्नदात्री व गुरू आहे, तिचे उघडे दार हे निराश्रितेच्या दृष्टीने केवळ दार राहत नाही. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

ह्या वादात एका पक्षास सर्वस्वी सत्य व दुसऱ्यास सर्वस्वी असत्य असे ठरविणे इतिहासास धरून होणार नाही. रानडे व भांडारकर हे स्वतः प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ होते. प्रार्थनेचे वैर त्यांच्या मनात असणे शक्य नव्हते. त्यांचा आक्षेप प्रार्थनेवर नसून, प्रार्थना करणारी आणि जिच्यासाठी प्रार्थना होते ती, ह्यांच्यातील असमान नात्यावर होता. दुसऱ्यासाठी रोज देवाजवळ मागणाऱ्या माणसाच्या मनात त्या दुसऱ्यास बदलण्याची इच्छा असतेच. ती इच्छा देवापुढे ठेवावयाची की त्या माणसापुढे, हा प्रश्न त्यांनी विचारला असे म्हणावयास हरकत नाही. रमाबाईंनी त्याचे पूर्ण उत्तर तेव्हा दिले असे दिसत नाही. ते पुढे केडगावी, निराळ्या परिस्थितीत, आचरणातून मिळाले.

मध्य प्रांतातील दुष्काळाच्या वेळी रमाबाई तेथे गेल्या व शेकडो विधवा आणि मुली त्यांनी आणिल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगाची साथ होती. म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या बांधून त्यांची सोय करावी लागली. गुजरातेतील १९०० च्या दुष्काळानंतर ही वस्ती सुमारे दोन हजारांवर गेली. शारदासदनापेक्षा ही संस्था दोन बाबतींत भिन्न होती. येथे बहुतेक सर्व जातींच्या मुली होत्या. आणि ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती, तटस्थतेचे अभिवचन येथे नव्हते. संस्थेस कायम उत्पन्नाची शाश्वती नसे. ब्रिस्टल येथे केवळ प्रार्थनेच्या आधारावर अनाथगृहे चालविणारे जॉर्ज म्यूलर ह्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते आणि तो मार्ग हिंदुस्थानात शक्य आहे काय, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून होता.

१९०३ च्या सुमारास त्यांनी आपली कन्या मनोरमा व सहकारी मिनी एब्रम्स ह्यांना ऑस्ट्रेलियास पाठविले. तेथे मेलबर्न शहरी घरोघर लहान लहान प्रार्थनामंडळे स्थापन होऊन धर्मजागृती झाल्याचे वृत्त त्यांच्या कानी आले होते. पुढे १९०४ च्या अखेरीस वेल्समधील जागृतीची वार्ता आली. ह्या पार्श्वभूमीवर १९०५ च्या आरंभी केडगावी सुमारे सत्तर जणी रोज सकाळी एकत्र जमून प्रार्थना करू लागल्या. मागणे काय होते, हे रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. हिंदुस्थानातील सर्व ख्रिस्ती लोकांचे, स्वतः प्रार्थना करणाऱ्यांसह, खरे परिवर्तन व्हावे आणि सर्व देशांतील ख्रिस्ती जनांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा, असे ते मागणे होते.

ह्या मागणीची रचना बारकाईने पाहावयास हवी. नामधारी ख्रिस्ती व खरे ख्रिस्ती अशी विभागणी करून, आपण दुसऱ्या वर्गात उभे राहून पहिल्या वर्गासाठी मागणे, हे सहज घडले असते. येथे तसे झालेले नाही. मागणारीने स्वतःचे नाव त्याच यादीत घातले आहे. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर, 'त्यांच्यासाठी' ह्या तृतीय पुरुषाच्या जागी 'आपल्यासाठी' हे सर्वनाम आले. आणि मराठीतील 'आपण' बोलणाऱ्यास व ऐकणाऱ्यास एकाच वेळी कवेत घेते. १८९३ च्या आक्षेपास ह्यापेक्षा नेमके उत्तर देणे कठीण होते. जी स्वतःच्याही परिवर्तनासाठी रोज याचना करते, तिला दुसरीवर दडपण आणण्यास लागणारी उंची उरत नाही.

त्या वर्षीच्या जूनअखेरीस मुक्तिसदनात जी धर्मजागृती झाली, तिची वर्णने पुष्कळ आहेत. रडणे, पापे कबूल करणे, तासन्‌तास प्रार्थनेत बसणे, तरुण स्त्रियांच्या टोळ्यांनी आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगावयास जाणे, ह्या गोष्टी त्यांत येतात. मिनी एब्रम्स ह्यांनी १९०६ साली ह्याविषयी लिहिलेले पुस्तक दक्षिण अमेरिकेतील चिली देशापर्यंत पोहोचले व तेथे १९०९ साली झालेल्या जागृतीस ते एक निमित्त ठरले. केडगावचे नाव जगाच्या ख्रिस्ती इतिहासात गेले ते ह्यामुळे. परंतु इतिहासकारांची दृष्टी जूनवर खिळल्यामुळे जानेवारी ते जून हे सहा महिने झाकोळले गेले आहेत. त्या सहा महिन्यांत लिहून ठेवण्याजोगे काही घडले नाही. सत्तर जणी उठल्या, जमल्या, मागणे मागून दळण-कांडणास, शाळेस व विणकामास लागल्या, एवढेच. सातत्य ह्या शब्दाचा अर्थ ह्या न घडण्यातच आहे. ठरलेली वेळ, ठरलेली मंडळी आणि न बदललेले मागणे, ह्या तीन गोष्टींवर ते उभे होते. भावनेचा आवेग त्यामागून आला; तो पायाच्या ठिकाणी नव्हता.

येथे एका शंकेस उत्तर देणे प्राप्त आहे. सहा महिन्यांनी फळ दिसले म्हणून ही चिकाटी स्मरणात राहिली. ज्यांना फळ दिसलेच नाही त्यांचे काय? सोदोम नगरासाठी अब्राहामाने पन्नासांपासून दहांपर्यंत घासाघीस करून मध्यस्थी केली, तरी ते नगर वाचले नाही, अशी कथा उत्पत्तीच्या पुस्तकातच आहे. रमाबाईंच्या आयुष्यातही ह्याचा प्रत्यय येतो. संस्थेची धुरा पुढे मनोरमेने वाहावी अशी सारी तयारी होती. निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे मनोरमेने मुलींची शाळाही काढिली होती. परंतु १९२१ साली मनोरमा आईच्या आधी निवर्तली. आईने मुलीसाठी काय मागितले असेल, हे कोणासही समजण्याजोगे आहे. आणि ते मिळाले नाही.

तरीही काम थांबले नाही, ही गोष्ट महत्त्वाची. १९०४ च्या सुमारास रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मूळ ग्रंथांवरून बायबलाचे मराठी भाषांतर करावयास घेतले होते. थोडे शिकलेल्या खेडवळ बाईसही कोणाच्या मदतीवाचून वाचता यावे, हा त्यामागील हेतू होता. मुक्तिसदनाच्याच छापखान्यात सदनातील मुली खिळे जुळवीत. कन्येच्या निधनानंतर, प्रकृती ढासळत असताही, मुद्रिते तपासण्याचे काम रमाबाईंनी चालू ठेविले. ते संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेविला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

भाषांतर हेही एका अर्थी मध्यस्थीच होय. त्यातही कोणीतरी दोहोंच्या मध्ये उभे राहून एकाचा शब्द दुसऱ्यापर्यंत पोहोचवावयाचा असतो. फरक इतकाच की उत्तम भाषांतरकार स्वतः बाजूस सरतो. १८९३ साली जे दार उघडे ठेवल्याबद्दल रमाबाईंना दोष देण्यात आला, त्या दाराशी त्या स्वतः बसलेल्या होत्या. १९२४ साली जे पुस्तक वाचकाच्या हाती आले, त्याच्या दाराशी कोणीच बसलेले नव्हते. वाचणारीने ते वाचावे, मिटावे अथवा त्यातून आपले मागणे आपण मागावे, हे सर्वस्वी तिच्याकडे राहिले. मध्यस्थीत टिकून राहण्याची ही परिणती पाहिली म्हणजे चिकाटी कोणास चिकटली होती, ह्याविषयी संशय उरत नाही.