आध्यात्मिक मार्गदर्शन, ख्रिस्ती

ईश्वराचा शोध घेणाऱ्या व्यक्तीस प्रार्थना, चिंतन व आत्मपरीक्षण यांच्या मार्गावर अनुभवी साधकाने केलेल्या साहाय्यास ख्रिस्ती परंपरेत आध्यात्मिक मार्गदर्शन म्हणतात. पापनिवेदनाहून ते भिन्न आहे. पापनिवेदनात धर्मगुरू ईश्वराच्या नावे क्षमा देतो. मार्गदर्शक मात्र अंतःकरणात उठणाऱ्या प्रेरणांची पारख करण्यास साहाय्य करतो. तो धर्मगुरूच असला पाहिजे, असे नाही. सिएनाची सेंट कॅथरिन (१३४७–८०) दीक्षित धर्मगुरू नसतानाही अनेकांची मार्गदर्शक होती.

या परंपरेचा उगम ईजिप्तच्या वाळवंटातील संन्याशांत आढळतो. सेंट अँटनी (सु. २५१–३५६) व त्याच्यानंतरचे ‘अब्बा’ (पिता) आणि ‘अम्मा’ (माता) यांच्यापुढे तरुण साधक आपले विचार उघड करीत. इव्हॅग्रिअस पाँटिकस (सु. ३४५–३९९) याने अशा मोहकारक विचारांचे आठ प्रकार वर्णिले. जॉन कॅसिअन (सु. ३६०–सु. ४३५) याने ही शिकवण पश्चिम यूरोपात नेली. कामविकाराची कबुली देणाऱ्या एका तरुणाला कठोर वृद्धाने धिक्कारले. निराश होऊन तो संन्यास सोडून निघाला, तेव्हा अब्बा अपोलो याने त्याला धीर देऊन परत आणले, अशी कथा कॅसिअन सांगतो. केवळ पिकलेले केस मार्गदर्शकाची पात्रता ठरवीत नाहीत, हे तिचे तात्पर्य होय.

सोळाव्या शतकात स्पेनमध्ये या पद्धतीस शास्त्रशुद्ध रूप आले. सेंट इग्नेशियस लॉयोला (१४९१–१५५६) याने मानरेसा येथील अनुभवांच्या (१५२२-२३) आधारे रचलेली साधनापुस्तिका पोप तिसरा पॉल याच्या मान्यतेने १५४८ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे तीस दिवसांची ही साधना पाप, ख्रिस्ताचे जीवन, दुःखभोग आणि पुनरुत्थान या विषयांच्या चार ‘आठवड्यां’त विभागलेली आहे. मार्गदर्शकाने विषय थोडक्यात मांडावा आणि साधकाच्या निर्णयाला कोणत्याही बाजूस न ओढता तराजूच्या काट्याप्रमाणे मध्ये राहावे, असा तिचा दंडक आहे. याची निकड आव्हिलाच्या सेंट टेरेसा (१५१५–८२) हिच्या अनुभवावरून दिसते : तिची प्रार्थनेतील अनुभूती काही सल्लागारांनी सैतानाची करणी ठरविल्यामुळे तिला दीर्घकाळ मनस्ताप झाला. म्हणूनच मार्गदर्शक विद्वान असावा, असा तिचा आग्रह होता. क्रॉसचा सेंट जॉन (१५४२–९१) यानेही साधकाची वाट चुकविणाऱ्या आंधळ्या वाटाड्यांत अननुभवी मार्गदर्शकाची गणना केली.

ऑर्थोडॉक्स पंथात हे कार्य ‘स्तारेत्स’ म्हणजे वृद्ध गुरूंनी केले. एकोणिसाव्या शतकात रशियातील ऑप्टिना मठ त्यासाठी विख्यात होता.

मुंबईत जन्मलेले जेझुइट अँथनी डि मेलो (१९३१–८७) यांनी पुण्यात ‘साधना’ ही संस्था सुरू केली. पुढे ती लोणावळ्यास गेली. त्यांच्या साधना : अ वे टू गॉड (१९७८) या ग्रंथात श्वासाचे अवधान व शारीरिक संवेदनांची जाणीव या भारतीय ध्यानमार्गांना परिचित रीतींची ख्रिस्ती प्रार्थनेशी सांगड घातलेली आहे. १९९८ मध्ये रोमच्या धर्मसिद्धांतविषयक मंडळाने त्यांच्या काही मतांवर आक्षेप घेतला. साधकाचा स्वानुभव आणि चर्चचा अधिकार यांतील ताण या परंपरेत अशा रीतीने पुन्हा प्रकट झाला.