दुर्गा खोटे: 50 वर्षांच्या अभिनयानंतर स्वतःची गोष्ट स्वतः लिहिणारी अभिनेत्री

'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई आठवते? किंवा 'बॉबी'मधली आजी? या दोन्ही भूमिका दुर्गा खोटे यांच्या. पण त्यांची खरी गोष्ट त्याच्या कितीतरी आधी सुरू होते.

सिनेमात का आल्या?

दुर्गाबाईंचा जन्म 14 जानेवारी 1905 रोजी मुंबईच्या सुखवस्तू लाड घराण्यात झाला. शिक्षण सेंट झेवियर्स कॉलेजपर्यंत. लग्न होऊन त्या खोटे घराण्यात आल्या, दोन मुलं झाली. पुढे सासरची आर्थिक घडी विस्कटली आणि कमाई करणं भाग पडलं. 1931 मध्ये 'फरेबी जाल' या चित्रपटात त्यांनी छोटी भूमिका केली. चांगल्या घरच्या बाईने सिनेमात काम करणं तेव्हा लोकांना मान्य नव्हतं, त्यामुळे टीकाही भरपूर झाली.

तारामतीने काय बदललं?

त्यानंतर व्ही. शांताराम यांनी त्यांना प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'मध्ये तारामतीची भूमिका दिली. 1932 साली आलेला हा पहिला मराठी बोलपट. दादासाहेब फाळके यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये हीच तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने साकारली होती, कारण काम करायला बाईच मिळेना! 19 वर्षांनी तीच भूमिका एका शिकलेल्या, प्रतिष्ठित घरातल्या स्त्रीने केली. मागून येणाऱ्या मुलींसाठी वाट थोडी सोपी झाली.

पुढचा प्रवास

कलाकार कंपनीत महिन्याच्या पगारावर राहत, त्या काळात दुर्गाबाईंनी वेगवेगळ्या कंपन्यांत कामं केली. 'अमर ज्योती'त (1936) त्यांनी अन्यायाविरुद्ध उभी राहिलेली समुद्री चाच्यांची म्होरकी रंगवली. 1937 मध्ये 'साथी' या चित्रपटाच्या त्या निर्मात्या झाल्या. रंगभूमीवर 'भाऊबंदकी'तली आनंदीबाई आणि शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मधली भूमिका गाजली. 'राजमुकुट' म्हणजे शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चं मराठी रूप. दूरदर्शनवरची 'वागळे की दुनिया' ही मालिकाही त्यांच्याच निर्मितिसंस्थेची.

मान-सन्मान

- 1958: संगीत नाटक अकादमी पुरस्कार
- 1968: पद्मश्री
- 1974 च्या 'बिदाई'साठी फिल्मफेअर
- 1983: दादासाहेब फाळके पुरस्कार

आत्मचरित्र का महत्त्वाचं?

1982 मध्ये 'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचं मराठी आत्मचरित्र प्रसिद्ध झालं. पुढे शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. हंसा वाडकर यांचं 'सांगत्ये ऐका', लीला चिटणीस यांचं 'चंदेरी दुनियेत' आणि हे पुस्तक एकत्र वाचलं, तर पडद्यामागच्या बायकांचं जगणं त्यांच्याच शब्दांत कळतं. पैशांची ओढाताण, घर, मुलं, लोकांची बोलणी... हे सिनेमाच्या पोस्टरवर कधीच दिसत नाही.

22 सप्टेंबर 1991 रोजी अलिबाग इथे दुर्गाबाईंचं निधन झालं. ज्या कामासाठी एकेकाळी त्यांना नावं ठेवली गेली, त्याच कामासाठी देशाने त्यांना सिनेमाचा सर्वोच्च सन्मान दिला.