कावेरी ते कोलार : एका वीजवाहिनीचा इतिहास

30 जून 1902 रोजी म्हैसूर संस्थानातील शिवसमुद्रम् येथील जलविद्युत केंद्रातून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळू लागली. मधले अंतर सुमारे 147 किलोमीटर होते. एवढ्या अंतरावर वीज वाहून नेणाऱ्या वाहिन्या त्या काळी जगातही मोजक्याच होत्या. भारतात 1897 मध्ये दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे जलविद्युत केंद्र सुरू झाले होते. परंतु ते एका डोंगरी शहराच्या दिव्यांपुरते लहान होते. शिवसमुद्रम्‌चा प्रश्न निराळा होता. जिथे धबधबा होता तिथे विजेला मागणी नव्हती आणि जिथे मागणी होती तिथे नदी नव्हती.

खाणीत खनिज वर ओढणे, पाणी उपसणे, दगड भरडणे ही सारी कामे बलाची आणि म्हणून ऊर्जेची. वाफेच्या यंत्रांसाठी कोळसा दुरून आणावा लागे. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत कॅप्टन द लोत्बिनियेर या अभियंत्याने कावेरीच्या प्रपातातील ऊर्जा वापरण्याची योजना पुढे नेली.

या योजनेचे गणित आजचा शाळकरी विद्यार्थीही मांडू शकतो. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान 1,000 किलोग्रॅम. ते 100 मीटर खाली आले की गुरुत्वीय बल त्यावर सुमारे 9,80,000 ज्यूल कार्य करते. विजेचे एक युनिट म्हणजे 36,00,000 ज्यूल. म्हणजेच कोणतीही हानी झाली नाही असे मानले, तरी एका युनिटसाठी पावणेचार घनमीटरांच्या आसपास पाणी एवढ्या उंचीवरून पडावे लागते. ऊर्जा निर्माण होत नाही, केवळ रूप बदलते, हा नियम इथे प्रत्यक्ष दिसतो.

स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होते, पाणी टर्बाइन फिरवते आणि टर्बाइन जनित्राला फिरवते. पुढचे काम 1831 मध्ये मायकेल फॅरेडे यांनी शोधलेल्या तत्त्वाचे. वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलला की त्यात विद्युतधारा प्रेरित होते. मात्र ही धारा फुकट मिळत नाही. तिच्यामुळे निर्माण होणारे चुंबकीय बल जनित्राच्या फिरण्याला विरोध करते. खाणीत यंत्रांचा भार वाढला की हा विरोधही वाढतो, आणि गती टिकवण्यासाठी टर्बाइनवर अधिक पाणी सोडावे लागते. कोलारचा दगड अखेर कावेरीचे पाणीच भरडत होते, ते असे.

खरी कसोटी वहनाची होती. तारेला रोध असतो आणि तारेत उष्णतेच्या रूपाने होणारी हानी धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढीच शक्ती दहापट विभवांतराने पाठवली, तर धारा एक दशांश होते आणि हानी शंभरावा भाग उरते. म्हणून रोहित्रांच्या साहाय्याने विभवांतर 30,000 व्होल्टांच्या घरात नेले गेले आणि खाणीपाशी ते पुन्हा उतरवले गेले. रोहित्र चालते ते बदलत्या चुंबकीय क्षेत्रावर. त्यामुळे या कामी प्रत्यावर्ती धाराच उपयोगी होती. नायगारा येथे हेच तंत्र थोड्याच वर्षांपूर्वी यशस्वी झाले होते.

शेषाद्री अय्यर यांना मात्र हे पाहता आले नाही. सप्टेंबर 1901 मध्ये त्यांचे निधन झाले. वीज प्रथम गेली ती ब्रिटिश कंपन्यांच्या खाणींकडे. बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते 1905 मध्ये. वाहिनी कुठून कुठे जावी हे भौतिकशास्त्र ठरवत नाही. ते ठरते मागणी आणि पैसा कोणाकडे आहे यावरून.

निसर्गाने आणखी एक मर्यादा दाखवून दिली. उन्हाळ्यात कावेरी आटे आणि विजेचा पुरवठा डळमळे. पुण्यात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात दीर्घकाळ काम केलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1909 मध्ये म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. त्यांच्या पुढाकाराने 1911 मध्ये कृष्णराजसागर धरणाचे काम सुरू झाले. सिंचनाइतकाच शिवसमुद्रम्‌ला बारमाही पाणी देणे हाही त्यामागचा हेतू होता. धरण म्हणजे एका अर्थाने पावसाळ्यातील ऊर्जा उन्हाळ्यासाठी राखून ठेवण्याची कोठीच.

कोलारच्या खाणी पुढे तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेल्या. 1965 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह याच खाणींत, वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा नोंदवल्या. 2001 मध्ये सरकारी कंपनीने तेथील खाणकाम थांबवले. सोन्यासाठी टाकलेली वाहिनी ज्या खाणींपर्यंत गेली, त्यांनी सोन्याबरोबर विश्वाच्या एका मूलकणाविषयीचे ज्ञानही दिले. ज्यांनी हा खर्च मंजूर केला, त्यांच्या हिशेबात ही मिळकत कुठेच नव्हती.