खाण गेली, पसारा उरला

जपानच्या होक्काइदो बेटावरचं युबारी आज खरबुजांसाठी ओळखलं जातं, पण ते वसलं कोळशावर. १८८८ मध्ये इथे कोळशाचा थर सापडला आणि १९६० पर्यंत वस्ती एक लाख सोळा हजारांवर गेली. ऐन भरात २४ खाणी चालत होत्या. कामगाराचं घर कंपनीचं, दवाखाना कंपनीचा, नळाचं पाणीही बहुतेक कंपनीचंच.

पुढे देश तेलाकडे वळला. १९८१ मध्ये एका खाणीत वायू उसळून ९३ जणांचा जीव गेला आणि १९९० मध्ये शेवटची खाण मिटली. कंपन्या निघाल्या, चाळी, दवाखाना, नळयोजना मागे राहिल्या. हा सगळा पसारा नगरपालिकेच्या गळ्यात पडला आणि तो सावरायला सुमारे ५,८३० कोटी येन लागले. कर भरणारी माणसं मात्र गाव सोडून चालली होती.

महापौर तेत्सुजी नाकाता यांनी पर्यटनावर डाव लावला. कोळशाच्या इतिहासाचं करमणूक उद्यान उभं राहिलं, १९९० पासून चित्रपट महोत्सव भरू लागला. तूट वाढतच गेली. अल्पमुदतीची कर्जं काढून, पैसे या खात्यातून त्या खात्यात फिरवून ती वर्षानुवर्षं झाकली गेली.

२००६ मध्ये बिंग फुटलं. डोक्यावर ३५.३ अब्ज, म्हणजे ३,५३० कोटी येनचा बोजा होता. एवढ्याशा गावाला बुडवायला तेवढा पुरेसा होता.

मग काटछाट सुरू झाली. पगार कापले गेले, ग्रंथालय बंद झालं, शाळा एकत्र करत करत एक प्राथमिक आणि एक माध्यमिक उरली. १७१ खाटांच्या रुग्णालयाचा १९ खाटांचा दवाखाना झाला. जपानीत ‘फुसाई’ म्हणजे कर्ज आणि ‘फुसाई’ म्हणजे नवराबायकोही. गावाने या श्लेषावरून जोडप्याची बोधचिन्हं काढली आणि स्वतःचीच थट्टा केली.

टोकियोच्या सरकारी नोकरीतून इथे पाठवलेले नाओमिची सुझुकी २०११ मध्ये तिशीतच महापौर झाले. गाव आकसणार हे गृहीत धरून त्यांनी विखुरलेली वस्ती शिमिझुसावा भागात एकवटण्याची आखणी केली. रेल्वेची शाखा बंद करा, असा प्रस्तावही त्यांनी आपणहून मांडला. बदल्यात बससेवेसाठी मदत मागितली. २०१९ च्या मार्चअखेर १६.१ किलोमीटरच्या त्या मार्गावर शेवटची गाडी धावली.

२०२० च्या जनगणनेत युबारीत ७,३३४ माणसं भरली. कर्जफेडीची ठरलेली मुदत आहे मार्च २०२७.